घशाचा विषाणुजन्य कर्करोग : रुग्णाशी संवाद कसा साधावा?

कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगणे ही वैद्यकीय सेवेतील अत्यंत कठीण जबाबदारी मानली जाते. तंबाखू, गुटखा, मावा आणि बिडी यांच्यामुळे होणारा तोंडाचा व घशाचा कर्करोग महाराष्ट्रातील जनतेला दुर्दैवाने परिचित आहे. त्याचे कारण सर्वांना ठाऊक असल्याने ते समजावून सांगण्यात फारशी अडचण येत नाही. परंतु आयुष्यात तंबाखूला कधीही न शिवलेल्या माणसाला घशाचा कर्करोग होतो आणि त्याचे मूळ एका विषाणूत आहे असे तपासणीत आढळते, तेव्हा रुग्ण व त्याचे कुटुंबीय गोंधळून जातात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे कळल्यावर तर मृत्यूच्या भयात चारित्र्याविषयीच्या शंकेची भर पडते. अशा शंकेमुळे संसार विस्कटतात, रुग्ण लोकांपुढे येण्याचे टाळतो आणि प्रसंगी उपचारही अर्धवट सोडतो. बरा होण्यासारखा आजार केवळ लज्जेपायी बळावावा, ही गोष्ट टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी डॉक्टरांबरोबरच रुग्णाच्या संपर्कात येणारे अधिकारी, शिक्षक, पंचायत सदस्य व आशा कार्यकर्त्या यांनाही या आजाराचे यथार्थ ज्ञान असणे अगत्याचे आहे.

विषाणूची ओळख

या विषाणूचे नाव ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असे असून तो एचपीव्ही या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काही प्रकारांमुळे हातापायांवर साधे चामखीळ येतात; काही प्रकार मात्र कर्करोगास कारणीभूत ठरतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या विषाणूचा १६ क्रमांकाचा आणि १९८४ मध्ये १८ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींतून शोधून काढला. या कार्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घशाच्या काही कर्करोगांशीही या विषाणूचा कार्यकारणसंबंध आहे, हे दाखवणारे महत्त्वाचे संशोधन अमेरिकेत मॉरा गिलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. घशातील विषाणुजन्य कर्करोगांपैकी बहुतेकांस १६ क्रमांकाचा प्रकारच कारणीभूत असतो.

हा कर्करोग प्रामुख्याने गिलायू म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या दोन ठिकाणी होतो. तेथील आवरणाला खोल घड्या असतात व त्यांत विषाणूला दीर्घकाळ आश्रय मिळू शकतो. गाल, हिरड्या आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगामागे मात्र मुख्यत्वे तंबाखू असते. अमेरिकेत घशाच्या या भागातील कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के विषाणुजन्य असल्याचे मानले जाते. भारतात तंबाखूचे सेवन मोठे असल्याने हे प्रमाण बरेच कमी आहे. तथापि असे रुग्ण आपल्याकडेही आढळतात. त्यांची संख्या थोडी असल्यामुळेच त्यांच्याविषयी गैरसमज अधिक असतात.

मानेत एका बाजूला आलेली, न दुखणारी गाठ हे या आजाराचे बहुधा पहिले लक्षण असते. गिळताना त्रास होणे, घसा वा कान एकाच बाजूने दुखत राहणे, एक गिलायू दुसऱ्यापेक्षा मोठा दिसणे, थुंकीतून रक्त पडणे ही अन्य लक्षणे होत. आपल्याकडे मानेतील गाठ क्षयाची असावी असे गृहीत धरले जाते व त्यात कित्येकदा मोलाचा वेळ जातो. दोन-तीन आठवड्यांत न विरणारी गाठ कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवणे श्रेयस्कर. गाठीतील तुकडा तपासून कर्करोगाचे निदान होते आणि त्याच तुकड्यावर पी-१६ नावाची चाचणी करून तो विषाणुजन्य आहे किंवा कसे, याचा अंदाज घेतला जातो.

आशेला आधार

रुग्णाशी बोलताना प्रथम सांगण्यासारखी गोष्ट ही की, घशाचा विषाणुजन्य कर्करोग तंबाखूजन्य कर्करोगाच्या मानाने उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतो. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उपचारांनंतर तीन वर्षांनी विषाणुजन्य कर्करोगाचे ८२.४ टक्के रुग्ण हयात होते. विषाणूचा संबंध नसलेल्या रुग्णांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. हा फरक एवढा स्पष्ट ठरला की, २०१८ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कर्करोगासाठी स्वतंत्र टप्पे ठरवण्यात आले. मानेत गाठ आली म्हणजे आजार तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात गेला, असे पूर्वी समजले जाई. नव्या वर्गीकरणात असे अनेक रुग्ण पहिल्याच टप्प्यात गणले जातात.

मात्र या आशेतून गाफीलपणा येऊ नये. हा ‘सौम्य’ कर्करोग आहे, तेव्हा निम्मे उपचारही पुरेत, अशी समजूत घातक आहे. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, आणि आवश्यकतेनुसार किरणोपचारांसोबत सिस्प्लॅटिन हे औषध, अशी उपचारांची दिशा असते. किरणोपचार सामान्यतः सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, अशा ३५ बैठकांत दिले जातात. सिस्प्लॅटिनऐवजी कमी त्रासाचे मानले जाणारे दुसरे औषध देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. दोहोंतही नव्या औषधाने रुग्ण वाचण्याचे प्रमाण घटल्याचेच दिसून आले. उपचारांत कपात करण्याचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो. तंबाखू सेवन करणाऱ्या रुग्णाने ती तत्काळ सोडली पाहिजे, कारण विषाणुजन्य कर्करोगातही धूम्रपानामुळे बरे होण्याची शक्यता कमी होते.

सहा पायऱ्या

वाईट बातमी कशी सांगावी, याचा पद्धतशीर विचार वैद्यकशास्त्रात झालेला आहे. बेली, बकमन आदी तज्ज्ञांनी २००० मध्ये यासाठी सहा पायऱ्यांची एक पद्धती मांडली व ती आज अनेक देशांत शिकवली जाते. आपल्या परिस्थितीत ती पुढीलप्रमाणे वापरता येईल.

पहिली पायरी जागेची. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत, रांगेतील लोक ऐकत असताना निदान सांगू नये. एखादी खोली, दोन खुर्च्या आणि दहा-पंधरा मिनिटांची निवांतता एवढे साधले तरी पुष्कळ. डॉक्टरांनी उभ्याने न बोलता बसून बोलावे.

दुसरी पायरी रुग्णाला काय ठाऊक आहे, ते जाणून घेण्याची. “आतापर्यंत तुम्हाला काय सांगितले आहे? तुम्हाला स्वतःला काय वाटते?” असे विचारल्यास त्याच्या मनातील भीती आणि चुकीच्या कल्पना आपोआप समोर येतात.

तिसरी पायरी त्याची इच्छा विचारण्याची. सर्व तपशील आजच ऐकावयाचा आहे काय, आणि तो ऐकताना सोबत कोण असावे, हे रुग्णाने ठरवावे. विषाणूचा उल्लेख करण्यापूर्वी हा प्रश्न रुग्ण एकटा असतानाच विचारावा.

चौथी पायरी माहिती देण्याची. ती सोप्या शब्दांत, थोडी थोडी द्यावी आणि प्रत्येक टप्प्यावर समजले किंवा नाही, हे पाहावे. कर्करोग हा शब्द टाळून ‘गाठ’, ‘जखम’ अशी मोघम भाषा वापरल्यास पुढे उपचारांचे गांभीर्य पटत नाही.

पाचवी पायरी भावनांना वाव देण्याची. रुग्ण रडेल, रागावेल किंवा गप्प बसेल. त्या वेळी घाईने दिलासा देऊ नये. काही क्षण थांबावे.

सहावी पायरी पुढील योजनेची. कोणती तपासणी, कोठे, कोणत्या तारखेला आणि खर्चाची तरतूद कशी, हे कागदावर लिहून द्यावे. आजार पक्का झाला हे ऐकल्यानंतर सांगितलेले बरेचसे रुग्णाच्या लक्षात राहत नाही.

रुग्णाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

हा आजार मला कोणापासून झाला? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, ते सांगता येत नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा तरी या विषाणूच्या एखाद्या प्रकाराचा संसर्ग होऊन जातो. तोंडावाटे येणाऱ्या शरीरसंबंधातून तो घशापर्यंत पोहोचू शकतो. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो व त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. थोड्या लोकांत तो टिकून राहतो आणि अनेक वर्षांनी, कित्येकदा काही दशकांनी, कर्करोग उद्भवतो. त्यामुळे आजचे निदान हा आजच्या वर्तनाचा पुरावा ठरत नाही. त्यावरून पती वा पत्नी यांपैकी कोणाच्याही निष्ठेबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

माझा आजार लागट आहे काय? कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. विषाणूही एकत्र जेवल्याने, एका तांब्यातून पाणी प्यायल्याने, खोकल्याने वा शिंकण्याने पसरत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवणे किंवा नातवंडांना त्याच्यापासून दूर ठेवणे यास कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि रुग्णाच्या मनावर त्याचा मोठा आघात होतो.

माझ्या पत्नीला वा पतीला धोका आहे काय? अशा रुग्णांच्या जोडीदारांच्या तोंडात हा विषाणू आढळण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांइतकेच असल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २०१४ मध्ये दिसून आले. दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या जोडप्याने या निदानामुळे आपल्या सहजीवनात बदल करण्याची आवश्यकता नसते. स्त्रियांनी इतर सर्व स्त्रियांप्रमाणे गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घ्यावी, एवढेच पुरेसे आहे. घशातील विषाणूसाठी निरोगी माणसांची चाळणी करणारी मान्यताप्राप्त चाचणी उपलब्ध नाही. म्हणून घरातील सर्वांच्या तपासण्यांचा आग्रह धरू नये.

आता लस घेतली तर उपयोग होईल काय? लस झालेला संसर्ग वा कर्करोग बरा करीत नाही. तिचा उपयोग संसर्ग होण्यापूर्वी आहे.

येथे डॉक्टरांनीही एक पथ्य पाळणे इष्ट. रुग्णाच्या पूर्वायुष्यातील शरीरसंबंधांची चौकशी करून उपचारांत काहीही फरक पडत नाही. तेव्हा ती कुतूहलापोटी करू नये. मात्र रुग्ण स्वतःहून बोलू लागल्यास त्याला थांबवूही नये.

संवादाचा एक नमुना

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका प्राथमिक शिक्षकाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. मानेतील गाठीची तपासणी झाली असून अहवाल डॉक्टरांच्या हाती आहे. गुरुजींनी पत्नीलाही आत बोलवावे असे स्वतः सांगितले आहे.

“गुरुजी, अहवाल आला आहे. बातमी गंभीर आहे. गाठीत कर्करोग आढळला आहे. त्याची सुरुवात गिलायूत झाली आहे.”

काही वेळ कोणी बोलत नाही. मग गुरुजी म्हणतात, “डॉक्टरसाहेब, मी उभ्या जन्मात तंबाखू खाल्ली नाही.”

“होय, आणि तुमचा कर्करोग तंबाखूचा नाहीही. एका विषाणूमुळे तो झाला आहे. हा विषाणू फार लोकांच्या शरीरात येऊन जातो. तुमच्या शरीरात तो मागे राहिला. असे का झाले, याला तुमची चूक कारण नाही.”

“विषाणू म्हणजे? कोठून आला तो?” पत्नी विचारते.

“ताई, शरीरसंबंधातून तो पसरतो. पण तो केव्हा आला, हे कोणालाही सांगता यायचे नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीही आला असेल. यावरून तुम्ही एकमेकांवर संशय घ्यावा असे त्यात काही नाही. तुमच्याकडून त्यांना किंवा त्यांच्याकडून तुम्हाला, असा हिशेब मांडताच येत नाही.”

“आणि यांचे पुढे कसे व्हायचे?”

“या प्रकारचे बहुतेक रुग्ण पूर्ण उपचारांनंतर बरे होतात. उपचार सात आठवड्यांचे आहेत, त्रासाचे आहेत, पण मध्येच सोडायचे नाहीत. गुरुजी, आता सगळे लक्षात राहणार नाही. पुढे काय करायचे ते मी लिहून देतो आणि सोमवारी आपण पुन्हा बोलू.”

या संभाषणात डॉक्टरांनी काहीही लपवलेले नाही. विषाणूचा मार्ग स्पष्ट सांगितला आहे, आणि त्यातून निघणारा चुकीचा निष्कर्षही त्याच वेळी खोडून काढला आहे. हा दुसरा भाग गाळला गेला, तर अर्धवट माहिती घरी जाते आणि कलहाचे कारण ठरते.

नातेवाइकांचा आग्रह आणि गोपनीयता

“त्यांना काही सांगू नका, ते खचून जातील,” असा आग्रह आपल्याकडे नातेवाईक वारंवार धरतात. तो प्रेमापोटी असतो. त्याचा अनादर न करता, रुग्णाला आपण होऊन काय जाणून घ्यावयाचे आहे, ते विचारण्याची अनुमती डॉक्टरांनी कुटुंबाकडून मिळवावी. सज्ञान रुग्णाला उपचारांचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन त्याची संमती घेतली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणी २००८ मध्ये दिलेला आहे. आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नसलेला माणूस अशी संमती देऊ शकत नाही.

गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. परंतु कागद रुग्णालयापुरते मर्यादित राहत नाहीत. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी शासकीय कर्मचाऱ्याची कागदपत्रे कार्यालयातील अनेक मेजांवरून फिरतात. शिक्षकाचे देयक मुख्याध्यापकांकडून पंचायत समितीकडे व तेथून जिल्हा परिषदेकडे जाते. अहवालातील ‘एचपीव्ही’ किंवा ‘पी-१६’ ही अक्षरे वाचून कोणी तर्क लढवू लागल्यास रुग्णाची मानहानी होते. अशी प्रकरणे बंद पाकिटात हाताळावीत, आवश्यक तेवढेच कागद जोडून घ्यावेत आणि त्यांविषयी कार्यालयात चर्चा होऊ देऊ नये. यासाठी वेगळ्या तरतुदीची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यालयप्रमुखांनी ठरवले तरी हे साधते.

गावपातळीवरील साहाय्य

किरणोपचारांच्या काळात तोंड कोरडे पडते, चव जाते, गिळताना वेदना होतात आणि वजन घटते. उपचारांपूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी लागते, कारण किरणोपचारांनंतर दात काढणे धोक्याचे ठरू शकते. गिळण्याचे व्यायाम सांगितल्याप्रमाणे करावे लागतात. घरच्यांनी पेज, मऊ भात, पातळ वरण, दूध असा कमी तिखटाचा आहार थोडा थोडा, पण वारंवार द्यावा. शिक्षकासारख्या सतत बोलण्याचे काम असणाऱ्या रुग्णाला कामावर परतल्यावर काही काळ हलके काम आणि जवळ पाण्याची बाटली ठेवण्याची मुभा असावी.

सात आठवडे दररोज उपचारकेंद्रात जाणे हे ग्रामीण कुटुंबापुढील मोठे संकट असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. कर्करोगाच्या रुग्णांना रेल्वे प्रवासात सवलत मिळते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना दादरच्या श्री गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळत आला आहे. या सोयींची माहिती काढणे, अर्ज भरून देणे, घरी शेतीची कामे अडली असल्यास शेजाऱ्यांकरवी ती मार्गी लावणे ही कामे पंचायत सदस्य व ग्रामसेवक सहज करू शकतात. भेटीस जाणाऱ्याने आजाराचे कारण विचारू नये. “तारीख केव्हाची आहे? सोबत कोण जाणार?” हे प्रश्न रुग्णाला अधिक उपयोगी पडतात.

प्रतिबंध

या विषाणूविरुद्ध पहिल्या लशीला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. घशाच्या कर्करोगाचा प्रतिबंध हाही लशीचा एक उपयोग म्हणून तेथील औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या भारतीय लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली व जानेवारी २०२३ मध्ये ती उपलब्ध झाली. विषाणूच्या ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांपासून ती संरक्षण देते. ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींसाठी एक वा दोन मात्रा पुरेशा असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले आहे. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आदी देशांत मुलग्यांनाही लस दिली जाते. पालकांच्या शंकांना शाळेत शांतपणे उत्तर देण्याचे काम शिक्षकांइतके अन्य कोणी चांगले करू शकणार नाही. ही लस कर्करोग टाळण्यासाठी आहे, एवढे साधे वाक्य पालकसभेत निःसंकोचपणे उच्चारले गेले पाहिजे.

आपल्या राज्यात तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण तंबाखू हेच आहे आणि तिच्याविरुद्धची मोहीम तसूभरही ढिली पडता कामा नये. तथापि प्रत्येक रुग्णाकडे व्यसनी म्हणून पाहणे जसे अन्यायाचे, तसेच विषाणूचे नाव ऐकून त्याच्या चारित्र्याचा निवाडा करणेही अन्यायाचे आहे. निदान झालेल्या माणसाला वेळेवर उपचार, खरी माहिती आणि घरात पूर्वीचेच स्थान हवे असते. उपचारांची जबाबदारी रुग्णालयांची आहे; उरलेल्या दोन गोष्टींत गावातील जाणत्या मंडळींनाही पुष्कळ करता येण्यासारखे आहे.